बंदराचा वीजपुरवठा वाढवण्याआधी लोड फ्लो कसा करावा

पुण्यात बसून बंदरांच्या विजेची कामं करतो, असं म्हटलं की समोरचा हमखास विचारतो, ‘मुठेत जहाज येतं का?’ त्यावर माझं उत्तर ठरलेलं आहे. खडकवासल्याच्या केंद्रीय जल आणि विद्युत संशोधन केंद्राची सुरुवात १९१६ची, आणि देशातल्या कितीतरी बंदरांच्या भरती-ओहोटीचा, गाळाचा, लाटांचा अभ्यास तिथल्या प्रारूपांवर झालेला आहे. समुद्र नसलेल्या गावात बंदराचं पाणी मोजता येतं, तर वीजही मोजता येईल. मात्र एक पथ्य पाळायचं. ताम्हिणी उतरून धक्क्यावर उभं राहिल्याशिवाय मॉडेलला हात लावायचा नाही.

पुस्तकात याला ‘भारप्रवाह विश्लेषण’ म्हणतात. साइटवर ‘लोड फ्लो’च. जाळ्यात कुठे किती भार आहे हे सांगितलं की प्रत्येक ठिकाणचं व्होल्टेज आणि प्रत्येक केबल-ट्रान्सफॉर्मरमधला करंट काढून देणारं हे गणित. पद्धत आता जुनी झाली आहे. ते सोडवण्याच्या न्यूटन-रॅफसन पद्धतीचा मोठ्या जाळ्यांसाठी व्यवहारात वापर १९६७ पासून रुळला, तिचं वेगवान रूप, फास्ट डीकपल्ड, १९७४चं. सॉफ्टवेअर सेकंदाच्या आत उत्तर देतं. ईटॅप असो, पॉवरफॅक्टरी असो, मायपॉवर असो, शिकाऊ मुलांसाठी फुकटातलं पांडापॉवर असो, बंदराच्या आकाराच्या जाळ्याला सगळ्यांची उत्तरं सारखीच येतात. आठवडे जातात ते त्याला कोणता भार सांगायचा हे ठरवण्यात, आणि हा लेख मुख्यतः त्याबद्दलच आहे.

आधी प्रश्न लिहून काढा

‘पुरवठा वाढवायचा आहे’ हा प्रश्न नव्हे. नवीन क्रेन येणार आहेत का? डिझेलवरचे यार्ड क्रेन विजेवर न्यायचे आहेत का? रीफर (शीत) कंटेनरचे प्लग वाढणार आहेत का? की धक्क्याला लागलेल्या जहाजाला किनाऱ्यावरून वीज द्यायची आहे? केंद्र सरकारची ‘हरित सागर’ मार्गदर्शक तत्त्वं २०२३ मध्ये आल्यापासून ही शेवटची मागणी जवळजवळ प्रत्येक बंदराच्या कागदावर दिसते. प्रत्येक प्रश्नाला वेगळी धाव (मॉडेलचा एक हिशेब) लागते आणि प्रत्येक धावेला वेगळा भार. बंदराच्या विद्युत विभागाकडून हे प्रश्न एका पानावर लेखी घ्या. पुढे कोणी ‘हे का नाही तपासलं?’ म्हणालं की ते पान कामाला येतं.

साइटवरून काय आणायचं

सिंगल लाइन डायग्राम (एसएलडी, सगळ्या जाळ्याचा एकरेषी नकाशा) मागितला की दहा वर्षांपूर्वीचा मिळतो. त्यावर विसंबू नका. प्रिंट हातात घेऊन सबस्टेशन-सबस्टेशन फिरा आणि पॅनेलसमोर उभं राहून लाल पेनाने दुरुस्त करा. ट्रान्सफॉर्मरच्या नेमप्लेटचे फोटो घ्या. एमव्हीए, टक्के इम्पिडन्स, व्हेक्टर ग्रुप (गुंडाळ्यांची जोडणी) आणि टॅपचा (व्होल्टेज कमी-जास्त करायच्या जागांचा) तक्ता त्यात स्पष्ट दिसला पाहिजे. केबलचा आकार, कोर, लांबी आणि एका फीडरला किती रन (समांतर केबल) आहेत ते टिपा. लांबी नकाशावर पट्टी ठेवून काढू नका. ट्रेंच रस्त्यामागून वळसा घेते, आणि ८०० मीटरचे १२०० होतात.

टॅपबद्दल जरा सविस्तर सांगतो, कारण तिथेच माझे हात पोळले आहेत. ३३/११ केव्ही ट्रान्सफॉर्मरच्या ऑन-लोड टॅप चेंजरला बहुधा १७ जागा असतात. पहिली अधिक ५ टक्के, शेवटची उणे १५ टक्के, मध्ये सव्वा टक्क्याची पायरी. म्हणजे पाचवी जागा शून्याची. कोकणातल्या एका बंदराच्या कामात आम्ही कार्यालयातूनच ‘पाचवी असेल’ असं धरून चाललो. मॉडेलने धक्क्याच्या सबस्टेशनवर १०.५ केव्ही दाखवले आणि आम्ही व्होल्टेज सावरायला कॅपॅसिटर बँक सुचवणारा मसुदा लिहूनही टाकला. साइटवर गेलो तर मीटर ११ च्या वर. टॅप नवव्या जागेवर होता, म्हणजे उणे ५ टक्के. ३३ केव्ही बाजूच्या गुंडाळीची वळणं कमी, ११ केव्हीचं व्होल्टेज जास्त. एका आकड्यापायी काही लाखांची बँक विनाकारण सुचवली गेली असती. तेव्हापासून टॅपच्या डायलचा फोटो तारखेसह घेतल्याशिवाय मी परत फिरत नाही. छोट्या ११/०.४३३ केव्ही ट्रान्सफॉर्मरचे टॅप पुरवठा बंद करूनच फिरतात, आणि ते एकदा बसवल्यावर वर्षानुवर्षं कोणी पाहिलेले नसतात. तेही पाहा.

वीज कंपनीकडून ३३ केव्ही पॉइंटची फॉल्ट लेव्हल (शॉर्ट सर्किट झालं तर किती करंट येईल तो आकडा) लेखी मागा, आजची आणि पाच वर्षांनंतरची. करारातली मागणी वाढल्यावर पुरवठ्याचं व्होल्टेजच बदलावं लागेल का, हेही याच पत्रात विचारून टाका. तसं असेल तर सगळा अभ्यास दुसऱ्याच पायावर उभा राहतो.

भार: सगळं पाणी इथेच मुरतं

बंदराचा भार कारखान्यासारखा नसतो. धक्क्यावरचा मोठा क्वे क्रेन कंटेनर उचलायला लागला की काही सेकंद दीड-दोन मेगावॉट ओढतो. मग ट्रॉली सरकते, तेव्हा भार खाली येतो. कंटेनर खाली सोडताना तर मोटर जनरेटर होते आणि वीज परत देते. पूर्ण फेरीची सरासरी काढली तर ती शिखराच्या चौथ्या-पाचव्या हिश्शापर्यंत उतरते.

आता लोड फ्लोमध्ये यापैकी कोणता आकडा घालायचा? दोन्ही. पण एकाच धावेत नाही.

ट्रान्सफॉर्मर आणि केबल तापतात ते सावकाश. त्यांच्यासाठी पंधरा मिनिटांची किंवा तासाभराची सरासरी बरोबर. व्होल्टेज मात्र त्याच क्षणी पडतं. त्यासाठी दोन-तीन क्रेन एकाच वेळी उचलत आहेत असा क्षण धरावा लागतो. नवशिके सगळ्या क्रेनचे नेमप्लेट आकडे बेरजेला धरतात आणि बंदराला दुप्पट ट्रान्सफॉर्मर विकत घ्यायला लावतात. काही अनुभवी लोक याच्या उलट करतात. मीटरची कमाल मागणी घेतात आणि सगळं ठीक असल्याचं सांगतात, आणि मग धक्क्याच्या टोकाचा क्रेन अंडरव्होल्टेजवर ट्रिप होत राहतो. कमाल मागणीचा आकडा सरासरीचाच असतो. त्यातले सेकंद पुसलेले असतात. म्हणून मी प्रत्येक बंदरासाठी भाराचे दोन तक्ते करतो, ‘तापण्याचा’ आणि ‘पडण्याचा’. नावं आमच्या कार्यालयातली आहेत, पण ग्राहकालाही पटकन कळतात.

रीफरचं गणित वेगळं. थंड झालेला कंटेनर कॉम्प्रेसर चालू-बंद करत सरासरी तीन-चार किलोवॉटवर भागवतो. नुकताच लावलेला, आतून गरम असलेला त्याच्या दुपटीहून जास्त ओढतो. प्लग पाचशे म्हणून पाचशे गुणिले नेमप्लेट असं करू नका. पण हंगाम विसरू नका. नाशिकची द्राक्षं जानेवारी ते मार्चमध्ये निघतात, तेव्हा रीफरचं यार्ड भरलेलं असतं. पावसाळ्यातल्या तीन महिन्यांची मीटर नोंद घेऊन केलेला अभ्यास इथेच चुकतो. पूर्ण वर्षाची नोंद मागा.

पॉवर फॅक्टर, म्हणजे ओढलेल्या एमव्हीएपैकी प्रत्यक्ष कामाचे मेगावॉट किती, हा यंत्राच्या वयावर अवलंबून आहे. जुन्या डीसी थायरिस्टर ड्राइव्हचा (मोटरचा वेग सांभाळणाऱ्या यंत्रणेचा) क्रेन हळू वेगात ०.५-०.६ पर्यंत घसरतो. नव्या एएफई (अॅक्टिव्ह फ्रंट एंड) ड्राइव्हचा जवळजवळ एकला चिकटून राहतो. एकाच धक्क्यावर दोन्ही उभे असतात, त्यामुळे ‘सगळ्यांना ०.८५’ हा शॉर्टकट नको. ड्राइव्हवरचा भार स्थिर मेगावॉटचा धरा, कारण व्होल्टेज पडलं तरी ड्राइव्ह तेवढीच शक्ती ओढतो आणि करंट वाढतो. हाय मास्टचे दिवे आणि हीटर स्थिर इम्पिडन्सचे धरले तर चालतं.

मॉडेल उभं करणं

बस म्हणजे जाळ्यातला जोडबिंदू. वीज कंपनीचा ३३ केव्ही इनकमर ही स्लॅक बस, म्हणजे व्होल्टेज पक्कं धरून उरलेली सगळी वीज पुरवणारी. सगळे भार पीक्यू बस, म्हणजे मेगावॉट आणि मेगावार ठरलेले. व्होल्टेज सांभाळणारा डिझेल जनरेटर असेल, तर तो पीव्ही, म्हणजे मेगावॉट आणि व्होल्टेज ठरलेले. सौर पॅनेल असतील तर बहुतेक वेळा ठरावीक पॉवर फॅक्टरचा, उणे चिन्हाचा भार म्हणून पुरे.

इथे एक खास पुणेरी चूक सांगून ठेवतो. पुणे-पिंपरी परिसरात २२ केव्ही फीडर सर्रास असल्याने आपल्याकडच्या मुलांची टेम्प्लेट २२ केव्हीची असते. बंदराचं जाळं ३३/११. फाइल कॉपी केली, एका बसचं बेस व्होल्टेज २२ च राहिलं, आणि तीन दिवस ‘मॉडेल कन्व्हर्ज का होत नाही, उत्तरावर का स्थिरावत नाही?’ यावर चहा. धाव जुळत नसेल तर आधी बेस व्होल्टेज बघा. मग लोंबकळणाऱ्या, कशालाच न जोडलेल्या बस शोधा, आणि शेवटी किलोमीटर-मीटरची गल्लत. सोडवण्याच्या पद्धतीत बदल करायची वेळ क्वचितच येते.

मॉडेल चाललं म्हणजे बरोबर आहे असं नाही. गेल्या वर्षातली एक वेळ निवडा, ज्या वेळेच्या सगळ्या फीडरच्या करंटच्या नोंदी आहेत. तोच भार मॉडेलला द्या. ११ केव्ही बसचं व्होल्टेज एक-दीड टक्क्यात आणि मुख्य फीडरचे करंट पाच टक्क्यांत जुळले, तर पुढे जा. नाही जुळले तर चूक बहुतेक वेळा टॅपमध्ये, केबलच्या लांबीत किंवा कोणीतरी ‘तात्पुरत्या’ बंद केलेल्या बस कपलरमध्ये (दोन बस जोडणाऱ्या ब्रेकरमध्ये) सापडते.

हाताने एक धाव

सॉफ्टवेअरच्या आधी कागदावर करून बघा. चूक पकडायची तीच खात्रीची जागा. एक नेहमीचं बंदर धरू. दोन ३३/११ केव्ही ट्रान्सफॉर्मर, प्रत्येकी १० एमव्हीए, इम्पिडन्स ८.३५ टक्के. एकूण भार ८ मेगावॉट, पॉवर फॅक्टर ०.८५. त्यातले ५ मेगावॉट २.४ किलोमीटर लांबच्या धक्क्यावर, ३०० चौरस मिलिमीटर अॅल्युमिनियम एक्सएलपीई केबलमधून.

या केबलचा रेझिस्टन्स गरम असताना किलोमीटरला सुमारे ०.१३ ओहम, रिअॅक्टन्स सुमारे ०.०९. लांबीने गुणलं की ०.३१२ आणि ०.२१६ ओहम. व्होल्टेज पडण्याचं सोपं सूत्र असं: मेगावॉट गुणिले रेझिस्टन्स, अधिक मेगावार (प्रत्यक्ष काम न करणारी, पण जाळ्यातून वाहणारी वीज) गुणिले रिअॅक्टन्स, भागिले केव्ही. पाच मेगावॉटला ०.८५ वर ३.१ मेगावार लागतात. म्हणून १.५६ अधिक ०.६७, भागिले ११. उत्तर ०.२०३ केव्ही, म्हणजे १.८ टक्के. करंट ३०९ अँपिअर आणि केबलमध्ये जळणारी वीज ८९ किलोवॉट.

पॉवर फॅक्टर धक्क्यावरच सुधारून ०.९७ केला तर पडझड १.५ टक्के, करंट २७० अँपिअर, लॉस ६८ किलोवॉट. केबलमध्ये फरक फारसा नाही, कारण तिथे रेझिस्टन्सचं राज्य. खरा फरक ट्रान्सफॉर्मरमध्ये दिसतो, कारण तिथे जवळपास सगळा रिअॅक्टन्स. ८ मेगावॉट एकाच ट्रान्सफॉर्मरवर आले, तर ०.८५ वर पडझड साडेचार टक्क्यांच्या आसपास, ०.९७ वर दोनच्या जरा वर. ‘कॅपॅसिटर कुठे लावू?’ याचं अर्धं उत्तर इथेच मिळतं.

मर्यादा कोणती? १९५६ च्या विद्युत नियमांतले आकडे अजूनही सगळ्यांच्या तोंडात आहेत: उच्च दाबाला अधिक ६, उणे ९ टक्के, कमी दाबाला दोन्ही बाजूंना ६. बंदराच्या आत मी ११ केव्ही बसला उणे ५ ची ओळ आखतो, कारण पुढे ४१५ व्होल्टच्या केबलमध्ये आणखी तीन-चार टक्के जाणारच आहेत.

शोअर पॉवर: नवा पाहुणा

आता या बंदराला कंटेनर जहाजासाठी किनाऱ्यावरून वीज द्यायची आहे. आयईसी/आयईईई ८०००५-१ या मानकात कंटेनर जहाजासाठी ६.६ केव्ही आणि ७.५ एमव्हीएपर्यंतची जोडणी धरलेली आहे. जहाजांवर बहुधा ६० हर्ट्झ, आपल्याकडे ५०. म्हणजे मध्ये फ्रीक्वेन्सी कन्व्हर्टर आलाच, आणि प्रत्येक जहाजासाठी स्वतंत्र ट्रान्सफॉर्मर. आपला ५० हर्ट्झचा लोड फ्लो कन्व्हर्टरच्या दाराशी थांबतो. पलीकडचं ६० हर्ट्झचं जाळं वेगळं बेट. या बाजूला कन्व्हर्टर म्हणजे जहाजाची गरज अधिक त्याचे स्वतःचे लॉस, पॉवर फॅक्टर जवळपास एक.

पूर्ण क्षमतेला ११ केव्हीवर करंट ३९४ अँपिअर. ट्रेंचमधल्या गर्दीची आणि जमिनीच्या तापमानाची वजावट केल्यावर एका ३०० चौरस मिलिमीटर केबलच्या आवाक्याबाहेर, तेव्हा दोन रन धरा. केबलच्या तक्त्यातला आकडा ३० अंश जमीन आणि ठरावीक मातीसाठी असतो. भराव टाकून केलेल्या जमिनीची माती तशी असेलच असं नाही. मातीची औष्णिक चाचणी करून घ्या, खर्च किरकोळ आहे.

प्रत्यक्षात जहाज ६ मेगावॉट घेतं असं धरू. एकूण १४ मेगावॉट. दोन्ही ट्रान्सफॉर्मर चालू असताना काही प्रश्न नाही. एक बंद पडला तर उरलेल्यावर ०.९५ ने १४.७ एमव्हीए, म्हणजे १४७ टक्के. इथे बहुतेक अहवाल ‘२० एमव्हीएचे दोन नवे ट्रान्सफॉर्मर’ असं लिहून मोकळे होतात.

थांबा. जहाजाकडे स्वतःचे जनरेटर आहेत, धक्क्याला लागेपर्यंत तेच चालू होते. शोअर पॉवर हा सोडून देता येणारा भार आहे. एक ट्रान्सफॉर्मर ट्रिप झाला, तर आधी शोअर पॉवरचा ब्रेकर उघडायचा आणि मग बस कपलर मिटायचा, एवढं इंटरलॉक केलं की उरतात ते आजचेच ८ मेगावॉट. ते ०.८५ वरही ९.४ एमव्हीए होतात आणि जुना ट्रान्सफॉर्मर पेलतो. जहाजाला काही मिनिटं आपल्या इमर्जन्सी जनरेटरवर काढावी लागतील. त्यामुळे बंदराच्या व्यावसायिक विभागाला सरळ विचारा की जहाज कंपनीला अखंड पुरवठ्याचं वचन दिलंय का. उत्तर ‘नाही’ आलं तर काही कोटींचा निर्णय बदलतो. सॉफ्टवेअर हे कधीही सुचवणार नाही.

उत्तर ‘हो’ आलं, किंवा क्रेनही वाढणार असतील, तर २० एमव्हीए घ्या; पण मग शॉर्ट सर्किट बघितल्याशिवाय सही करू नका. जुनं ११ केव्ही स्विचगिअर (ब्रेकरची पॅनेलं) बऱ्याच ठिकाणी ३५० एमव्हीएचं, म्हणजे १८.४ किलोअँपिअरचं असतं. १० टक्के इम्पिडन्सचे दोन २० एमव्हीए ट्रान्सफॉर्मर समांतर, मागे ३३ केव्हीवर २५ किलोअँपिअरचा स्रोत: फॉल्ट करंट १६.४ किलोअँपिअर. बरं दिसतं. पण इम्पिडन्सला मानक साडेसात टक्क्यांची सूट देतं. कारखान्यातून ९.२५ टक्क्यांचा आला तर १७.४. त्यावर मोटरींचा वाटा आला की १८.४ ची वेस जवळ आली. म्हणून बस कपलर नेहमी उघडा ठेवा, नाहीतर स्विचगिअरही बदलायच्या यादीत टाका. लोड फ्लोला समांतर ट्रान्सफॉर्मर आवडतात, ब्रेकरला नाही.

कोणत्या धावा कराव्यातच

भरगच्च दिवस आणि एक ट्रान्सफॉर्मर बंद, या दोन झाल्याच. एकेक मुख्य केबल बंद धरूनही करा. डिझेलवरची धाव विसरू नका: पुरवठा गेला, जनरेटरवर दोनच क्रेन चालू, एक कंटेनर खाली सोडतोय आणि परत आलेली वीज घ्यायला दुसरा भार नाही. वीज उलटी शिरल्यामुळे जनरेटर रिव्हर्स पॉवरवर ट्रिप होतो. ड्राइव्हमध्ये ब्रेकिंग रेझिस्टर आहे का ते तपासा.

आणि रात्री तीनची धाव. धक्क्यावर जहाज नाही, फक्त दिवे आणि थोडे रीफर. कॅपॅसिटर बँक मात्र कोणीतरी हाताने चालू ठेवलेली. व्होल्टेज वर चढतं आणि पॉवर फॅक्टर लीडिंग जातो, म्हणजे दुरुस्ती गरजेपेक्षा जास्त होते. महाराष्ट्रात १ एप्रिल २०२० पासून उच्चदाब ग्राहकांचं बिल केव्हीएएच वर, म्हणजे पॉवर फॅक्टर धरून, आहे आणि लीडिंगही त्यात मोजलं जातं. म्हणजे ‘सुधारणा’ बिलातच बोचते. बँक पायऱ्यांची आणि आपोआप चालू-बंद होणारी घ्या. ड्राइव्ह जास्त असलेल्या बंदरात ७ टक्क्यांचा डीट्यून रिअॅक्टर लावा, त्याची जुळणी १८९ हर्ट्झवर बसते आणि ड्राइव्हमुळे येणाऱ्या पाचव्या हार्मोनिकपासून (५० हर्ट्झच्या पाचपट लहरीपासून) बँक वाचते. हार्मोनिकचा स्वतंत्र अभ्यास तरीही लागेल, तो लोड फ्लोतून निघत नाही.

अहवाल

शंभर पानी प्रिंटआउट कोणी वाचत नाही. पहिल्या पानावर रंगवलेला एसएलडी ठेवा, लाल म्हणजे मर्यादेबाहेर. दुसऱ्यावर गृहीतकं: क्रेनची सरासरी किती धरली, एकाच वेळी किती उचलतात, टॅप कुठे, स्रोताची फॉल्ट लेव्हल कोणत्या पत्रातली. वाद नेहमी याच पानावर होतो, म्हणून ते सुरुवातीला असू द्या. मग शिफारशी, आधी बिनखर्चाच्या. टॅप बदलणं, फीडरवरचा भार या बसवरून त्या बसवर घेणं, इंटरलॉक. यंत्रखरेदी शेवटी.

नवी व्यवस्था चालू झाल्यावर पहिलं जहाज किनाऱ्याच्या विजेवर येईल, त्या दिवशी तिथे हजर राहा. दर पाच मिनिटांनी ११ केव्ही बसचं व्होल्टेज, दोन्ही ट्रान्सफॉर्मरचे करंट आणि टॅपची जागा लिहून घ्या, आणि त्याच आठवड्यात मॉडेलशी ताडून फाइलवर तारीख टाकून बंदराच्या हवाली करा. टॅपचा फोटो त्याच फोल्डरमध्ये.